ई-रीडर घ्यावा की कागदच बरा? ठाण्याहून मराठी वाचणाऱ्यांसाठी

ऑफिसातली एक मैत्रीण ई-रीडर, म्हणजे फक्त ई-पुस्तकं वाचायचं उपकरण, घ्यायचा म्हणते. मी तिला आधी एक काम सांगितलं: पुढच्या सहा महिन्यांत वाचायची आहेत अशा दहा मराठी पुस्तकांची यादी कर आणि त्यांतली किती ई-पुस्तक म्हणून मिळतात ते बघ. मराठी वाचणाऱ्याचा निर्णय बराचसा तिथेच होतो.

लोकलमध्ये मात्र ई-रीडरला तोड नाही. ठाणे ते सीएसएमटी ३४ किलोमीटर, स्लो गाडीने साधारण तासभर. बसायला मिळालं तर कागदी पुस्तक छान वाचता येतं. पण एका हाताने कडी धरून उभं असताना चारशे पानांच्या कादंबरीचं पान उलटायचं कसं? ई-रीडर दोनशे ग्रॅमच्या आसपास असतो, पान अंगठ्याने बदलतं. फोनही हातात मावतो, पण त्यावर मी लेख किंवा कथेपलीकडे कधी गेले नाही. घाटकोपर येईपर्यंत तीन मेसेज येतात आणि गोष्ट हातातून निसटते.

डोळ्यांच्या बाबतीतही फोन आणि ई-रीडर एका माळेत ओवू नका. ई-रीडरचा पडदा ई-इंकचा असतो, त्यात काळे-पांढरे विद्युतभारित कण असतात. ते वर-खाली सरकून अक्षर उमटतं आणि पान बदलेपर्यंत ते टिकवायला वीज लागत नाही. म्हणून एकदा चार्ज केलं की आठवडे निघतात, आणि भर उन्हातही अक्षर स्वच्छ दिसतं.

माझ्या आईचं वाचन बारीक टाइपामुळे जवळजवळ बंद पडलं होतं. मोठ्या टाइपातली मराठी पुस्तकं दुकानात फारशी दिसत नाहीत. ई-रीडरवर तिने अक्षर एवढं मोठं केलं की पानावर जेमतेम दहा ओळी राहिल्या, आणि महिनाभरात दोन कादंबऱ्या संपवल्या. घरात असं कुणी असेल तर बाकीचा हिशेब मांडत बसू नका, घेऊन टाका.

आता मराठीची खरी अडचण. अ‍ॅमेझॉनच्या किंडल या ई-रीडरवर मराठी पुस्तकं अधिकृतपणे मिळू लागली ती डिसेंबर २०१६ पासून. नवी बरीच सापडतात, पण आवृत्ती संपलेलं जुनं पुस्तक बहुधा नसतंच. काही दुकानांची ई-पुस्तकं त्यांच्याच अ‍ॅपमध्ये उघडतात, म्हणजे पुन्हा फोन आला. मोफत मिळणारं पुष्कळसं मराठी साहित्य पीडीएफमध्ये असतं. पीडीएफचं पान ठरलेल्या मापाचं, त्यामुळे सहा इंची पडद्यावर जोडाक्षरं मुंगीएवढी होतात. मोठं करावं, तर प्रत्येक ओळीला पान इकडून तिकडे सरकवत बसायचं. पीडीएफच वाचायच्या असतील तर टॅब घ्या.

जुन्या पुस्तकांसाठी मी अजूनही मराठी ग्रंथसंग्रहालयात जाते. १८९३ सालची ही संस्था आपल्या ठाण्यातच आहे. दुकानातून केव्हाच गेलेलं पुस्तक तिथल्या कपाटात हाताला लागतं, तेव्हाचा आनंद मला कुठल्याही पडद्यावर मिळालेला नाही. दिवाळी अंकही कागदावरच वाचावेत. व्यंगचित्रं आणि मोठ्या पानाची मांडणी सहा इंचांत कोंबली की अंकाची मजाच जाते.

मालकीचाही विचार करा. ई-पुस्तकाचे पैसे भरले तरी आपल्याला मिळतो तो सहसा वाचण्याचा परवाना. २००९ मध्ये अ‍ॅमेझॉनने विकलेली काही पुस्तकं ग्राहकांच्या किंडलवरून परस्पर काढून टाकली होती. पैसे परत दिले, पण पुस्तकं गेली. माझ्याकडे बाबांनी पेन्सिलीने खुणा केलेली पुस्तकं आहेत. ती मी शेजारच्या काकूंना वाचायला देते आणि परत आणते.

कागद सांभाळायला कष्ट पडतात हेही खरं. खाडीकाठच्या दमट हवेत पावसाळ्यात पानं फुगतात, कसर लागते, आणि वन बीएचकेत तिसऱ्या कपाटाला जागा नसते.

मैत्रिणीच्या दहापैकी चारच पुस्तकं ई-पुस्तक म्हणून मिळाली. पण ती रोज उभ्यानेच जाते. म्हणून तिला ग्रंथालयाची वर्गणी भरायला सांगितली आणि पंधरा दिवस लोकलमध्ये वापरून बघायला माझा ई-रीडर दिला आहे.