गाडीतला 40 लिटरचा बारा व्होल्ट फ्रिज : खानदेशी उन्हाळा काढल्यानंतर

लिटर, वॅट, मोबाईलचं ॲप हे सगळं विकणाऱ्यांनी लिहिलेलंच आहे. मी लिहितोय ते 'ई-1' बद्दल. एप्रिल लागला तसा हा फ्रिज भर दुपारी बंद पडायला लागला. पडद्यावर ई-1 लुकलुकायचं, म्हणजे म्हणे बॅटरी उतरली. बॅटरी बघावी तर भरलेली.

एसटीत ड्रायव्हर होतो. पेन्शन ईपीएस-95 ची, चारचौघांत आकडा सांगावा अशी नाही. म्हणून धुळ्याचं घर भाड्याने दिलं, जुनी बारा सीटर घेतली, सीटा काढून आत पलंग आणि ओटा बसवला, आरसीवर बदलाची नोंद करून घेतली आणि दोघं त्यातच राहतो. प्रकाशा, उनपदेव, पाटणादेवी, सारंगखेड्याची यात्रा. डिझेल परवडत नाही म्हणून एका जागी मुक्काम लांबवतो. सौ.चा हिशोब वेगळाच असतो. मार्च 2023 पासून बायकांना एसटीत अर्धं तिकीट आहे, ते ती मला दर डिझेल भरताना ऐकवते.

फ्रिज चैनीसाठी नाही. तिला इन्सुलिन लागतं. न उघडलेल्या कुप्या 2 ते 8 अंशात ठेवायच्या आणि गोठूही द्यायच्या नाहीत. दूध, ठेचा, भरताची वांगी हे सगळं त्यानंतर.

सर्व्हिसवाल्यांना फोन केला. आधी भेटीचे 590 रुपये ऑनलाईन भरायला लावले. भरले. कोणी आलं नाही. पुन्हा फोन केला तर पलीकडचा मुलगा म्हणतो, "सर, मागचं स्टिकर बघा. क्लास टी आहे. बाहेरचं तापमान 43 च्या वर गेलं की कूलिंगची हमी नाही."

बघितलं, खरंच टी. मग त्या स्टिकरचा नादच लागला. फ्रिजांचे हवामान वर्ग चार असतात: एसएन आणि एन 32 अंशांपर्यंत, एसटी 38 पर्यंत, टी 43 पर्यंत. त्याच्या वर वर्गच नाही! जळगाव-भुसावळकडे मे महिन्यात पारा 45 ला टेकतो, आणि ते सावलीतलं मोजमाप. उन्हात उभ्या पत्र्याच्या गाडीत काय होत असेल? स्वस्तातला थर्मामीटर आणून टांगला, तर दुपारी 48. म्हणजे सगळ्यात गरम वर्गाचा फ्रिजसुद्धा आमच्या वैशाखाला पुरा पडत नाही. परीक्षणात फ्रिजला दोनच तारे द्यायचे ठरवून टाकले होते. बाजारात गेलो की दुकानात शिरून घरगुती फ्रिजांचीही स्टिकरं वाचायचो, सौ. बाहेर थांबायची.

दरम्यान इन्सुलिन माठात. ओल्या फडक्याने गुंडाळलेला माठ, त्यात डब्यात बंद कुप्या. आपल्याकडची हवा कोरडी, त्यामुळे माठ चांगला गार होतो, पण 8 अंश माठाच्या बापाला जमायचं नाही. वापरात असलेली कुपी त्यात निभते, साठा नाही. साठा मेडिकलवाल्याच्या फ्रिजमध्ये ठेवायला दिला होता, त्याचे उपकार.

अमळनेरला एका ऑटो इलेक्ट्रिशियनने निकाल लावला. त्याने बॅटरीवर मीटर लावला, 13.1 व्होल्ट. मग कॉम्प्रेसर चालू ठेवून फ्रिजच्या प्लगवर लावला, 11.8. चालू होताना त्याहूनही खाली. म्हणाला, "आबा, फ्रिज चांगला शे, वायर बारीक शे." गाडी बांधून देणाऱ्याने पुढून मागे दीड एमएमची वायर ओढली होती, वर फ्यूजची पकड ढिली. पाच अँपिअरला एवढ्या लांबीत व्होल्टभर तिथेच खर्च होतो, आणि फ्रिजला वाटतं बॅटरीच उतरली. थंडीत कॉम्प्रेसर अधूनमधून लागतो, म्हणून कळलं नव्हतं. सहा एमएमची वायर, नवा फ्यूज, मजुरीसकट 1400 रुपये. ई-1 त्या दिवसापासून गेला.

तेव्हा दोन तारे मागे घेतो. पण स्टिकरही खोटं नव्हतं. वायर बदलल्यावरसुद्धा मेमधल्या दुपारी आत 9-10 अंश दाखवायचा. मागच्या पॅनेलला भोक पाडून कॉम्प्युटरचा छोटा पंखा बसवला, गरम हवा बाहेर जायला लागली, तेव्हा 7 वर आला. त्या महिन्यात कॉम्प्रेसर थांबतच नाही, हे धरून चाला. 45 वॅट गुणिले 24 तास म्हणजे 1080 वॅट-तास, आणि माझी 100 अँपिअर-अवरची लिथियम बॅटरी 1280 वॅट-तासांची. वरून सोलर पॅनल तापलं की त्याचंही उत्पादन घटतं. सलग दोन दिवस ढगाळ गेले तर भागणार नाही.

एक गोष्ट मात्र मनापासून आवडली. हा प्रकार मुळात शिडाच्या बोटींवर राहणाऱ्यांसाठीही बनवतात, म्हणून 30 अंश कलला तरी चालतो. घेताना हसलो होतो, तापीकाठी बोट कुठली कलायची! पण तोरणमाळचा घाट चढताना आणि वर उतारावर मुक्काम करताना साधा फ्रिज काय करतो ते मला माहीत आहे. हा कुरकुरला नाही. आता मे महिन्यात तोरणमाळच. अकराशे मीटरच्या वर, तिथे टी वर्ग पुरून उरतो.

घ्यायचा असेल तर घ्या, पण वायर सहा एमएमचीच ओढा आणि मागे हवा जायला जागा सोडा. फ्रिजला चार तारे, सर्व्हिसला शून्य. त्या 590 रुपयांसाठी 1915 या ग्राहक हेल्पलाईनवर तक्रार टाकली आहे. परत आले तर सर्व्हिसला अर्धा देईन.