एक दिवसाच्या वारीसाठी हडपसर कसे आहे?

एक दिवस तरी माऊलींसोबत चालायचे म्हणून येणारे बरेच जण पुण्यात भवानी पेठेतूनच सुरुवात करतात. पुणे ते सासवड हा टप्पा 30 किलोमीटरच्या घरात जातो आणि दिवे घाट येतो निम्म्याहून जास्त चालून झाल्यावर. सवय नसलेल्या माणसाचे पाय घाटाआधीच्या वडकी नाल्यालाच संपावर जातात. त्यापेक्षा हडपसरहून निघावे. गाडीतळापासून सासवड साधारण 22-23 किलोमीटर, आणि घाट पुरा पदरात पडतो.

विसावा म्हणून मात्र हडपसरला पाचापैकी दोनच गुण. पालखी इथे जेमतेम टेकते, तोवर दर्शनाची रेटारेटी, आणि उड्डाणपुलाखाली तर उभे राहायलाही जागा नसते. निवांत दर्शन हवे असेल तर ते सासवडच्या मुक्कामी, इथे नाही.

खाण्यापिण्याची चंगळ असते, पण बेताने. हा टप्पा बहुधा योगिनी एकादशीला पडतो, त्यामुळे वाटप साबुदाण्याची खिचडी, केळी, राजगिऱ्याचे लाडू यांचे. चहा तर अडवून अडवून पाजतात. खिचडीवर चार चहा झाले की घाटात पित्त उसळलेच समजा. पाण्याची बाटली इथेच भरावी, शौचालयही इथेच उरकावे. नवी चप्पल घालून आलेल्यांचे फोड इथवर दिसू लागतात; ते फोडू नयेत, चिकटपट्टी लावून मोजे चढवावेत.

खरी गडबड गाडीतळाला होते. तुकोबांची पालखीही त्याच दिवशी याच रस्त्याने येते. ती सरळ सोलापूर रस्त्याने लोणी काळभोरला जाते, माऊलींची उजवीकडे सासवड रस्त्याला वळते. लोटात वाहत गेलेला माणूस भलत्याच फाट्याला लागतो, आणि गर्दीत फोन लागेलच असे नाही. दिंडीसोबत असाल तर तिचा नुसता क्रमांक पुरत नाही. रथापुढची की रथामागची तेही कागदावर लिहून खिशात ठेवा. दोन्हीकडचे क्रमांक एकपासूनच सुरू होतात. (रथापुढे 27 दिंड्या आहेत, मागे कितीतरी जास्त.)

स्वतःची गाडी हडपसरला लावून जाणे सोयीचे वाटते, पण परतताना तेच नडते. दिवे घाट त्या दिवशी वाहनांना बंद असतो. सासवडहून परतीच्या गाड्या बोपदेव घाटाने कोंढव्यात उतरतात आणि तिथून हडपसर पुन्हा वेगळे गाठावे लागते.