दोन सरळ रूळ आणि मधलं लँडिंग

मागच्या वर्षी आईच्या खुब्याचं हाड मोडलं. ऑपरेशन चांगलं झालं, पण जिना उतरणं बंद झालं. सहकारनगरातलं आमचं घर जुनं आहे. तिची खोली, देवघर, न्हाणीघर सगळं वर, आणि स्वयंपाकघर खाली. घरात असून ती एकटी पडली होती, म्हणून जिन्यावरची खुर्ची-लिफ्ट, म्हणजे जिन्याकडेच्या रुळावरून वर-खाली जाणारी खुर्ची, बसवायचं ठरवलं.

आमचा जिना मध्ये लँडिंगवर वळतो. दोन ठिकाणी वळणाच्या रुळाचे साडेसात-आठ लाख सांगितले. तिसऱ्याने पावणेपाच सांगितले आणि मी तिथेच फसले. त्याचा माणूस आला, टेपने दोन-चार मापं घेऊन वीस मिनिटांत गेला. आईला एकदाही भेटला नाही. आता कळतं की वळणाचा रूळ त्या एका जिन्यासाठीच घडवावा लागतो. प्रत्येक पायरी, प्रत्येक कोन मोजावा लागतो. वीस मिनिटांत ते होत नाही. मी चार लाख आगाऊ दिले, त्यातले दीड रोख आणि बिनपावतीचे.

दोन महिने फोनाफोनी केल्यावर माल आला. एक वळणाचा रूळ नव्हता, दोन सरळ रूळ आणि दोन खुर्च्या होत्या. म्हणजे आईने अर्ध्या जिन्यात एका खुर्चीतून उठायचं, लँडिंगवर चार पावलं चालायचं आणि दुसरीत बसायचं. ज्यांना थोडं चालता येतं त्यांना हा स्वस्त पर्याय चालतोही, पण तो तसा सांगून विकायला हवा. आम्हाला "वळून थेट खाली जाते" असं सांगितलं होतं. कोटेशन काढून पाहिलं तर त्यात फक्त "चेअर लिफ्ट, १ संच" लिहिलेलं. वळण हा शब्दच नाही.

खुर्च्याही जुन्याच. नंबरपट्टी खरवडलेली, हातांवर रंगाचा नवा थर. वरच्या टोकाला खुर्ची खोलीकडे फिरून तिथे लॉक व्हायला हवी, म्हणजे उतरताना पाठीशी जिना राहतो आणि पाय सपाट जमिनीवर पडतात. आमची फिरतच नव्हती. आई कठड्याला धरून, खाली उतरत्या पायऱ्या समोर ठेवून उभी राहायची. ते आठवलं की अजून पोटात गोळा येतो.

एका गुरुवारी दुरुस्तीसाठी लाइट गेले आणि खुर्ची मध्येच थांबली, आई तिच्यात. सीटखाली १२ व्होल्टच्या दोन बॅटऱ्या असतात. त्या धडधाकट असल्या की लाइट नसतानाही बऱ्याच फेऱ्या होतात. आमच्या दोन्ही फुगलेल्या निघाल्या. शेजारच्या काकांनी आणि मी तिला उचलून वर नेलं. नंतर दुसऱ्या मेकॅनिकने पायपाटीचं, म्हणजे खुर्चीच्या पाय ठेवायच्या फळीचं, झाकण उघडलं, तर आत सेन्सरच्या तारा एकमेकींना पिळून जोडलेल्या. पायपाटीला काही अडलं तर खुर्ची जागीच थांबायला हवी. आमची थांबलीच नसती.

तुमच्या घरी बसवणार असाल तर शेवटचे पैसे देण्याआधी एवढं कराच. पायरीवर चपलेचा रिकामा खोका ठेवा आणि खुर्ची त्यावर येऊ द्या. मुख्य स्विच बंद करून दोन फेऱ्या मारा. ज्यांच्यासाठी घेताय त्यांना बसवून, पट्टा लावून, वर उतरवून बघा. आणि कोटेशनवर "वळणाचा एकच रूळ, नवीन" हे शब्द आणि खुर्चीचा नंबर लिहून घ्या.

विक्रेता आता फोन उचलत नाही. मी १९१५ या ग्राहक हेल्पलाइनवर तक्रार नोंदवली, मग जिल्हा ग्राहक आयोगात अर्ज केला. २०१९ च्या कायद्यामुळे आपण राहतो त्या जिल्ह्यात दाद मागता येते, मुदत दोन वर्षांची, आणि पाच लाखांपर्यंतच्या व्यवहाराला फी नाही. रोख दिलेल्या दीड लाखांचा पुरावा मात्र माझ्याकडे एका व्हॉट्सअ‍ॅप मेसेजपुरताच आहे, "मिळाले ताई". वकीलबाईंनी तो डिलीट करू नका म्हणून बजावलंय.