कऱ्हाडहून कोणतं यान धरायचं?

नोकरी लागल्यापासून भाच्याचा एकच धोशा : "मामा, विपश्यनेला जाऊ, झेन शिकू, की आपला विहारच बरा?" म्हटलं, यान म्हणजे बौद्ध धम्मातली वाट; ती निवडण्याआधी आगाशिवचा डोंगर चढून ये.

तिथल्या जुन्या लेण्यांत पूजा स्तूपाची, बुद्धमूर्तीची नाही. अजिंठ्यात ९ आणि १० क्रमांकाच्या चैत्यांतही (प्रार्थनेच्या लेण्यांतही) तेच. १९ आणि २६ मध्ये मात्र स्तूपावरच बुद्ध कोरलाय. पूजेची तऱ्हा बदलली. त्रिशरण, पंचशील, अष्टांगिक मार्ग, अनित्य (काहीच टिकत नाही) आणि अनात्म (कायमचा आत्मा नाही) यांवर मात्र सगळे पंथ आजही एक आहेत.

थेरवाद पाली त्रिपिटक, म्हणजे बुद्धवचनांचे जुने ग्रंथ, धरून चालतो. श्रीलंका, म्यानमार, थायलंड इकडचा. स्वतःच्या कष्टाने अर्हत, म्हणजे तृष्णेतून मुक्त, व्हायचं. (हीनयान म्हणू नका, ते दुसऱ्यांनी ठेवलेलं नाव.) महायानाचा आदर्श बोधिसत्त्व : सगळ्यांना घेऊनच पलीकडे जाणारा. त्यातलंच झेन म्हणजे मुकाट बसणं, आणि सुखावती पंथ म्हणजे अमिताभाचं नामस्मरण. हे आपल्याकडच्या वारकऱ्याला चटकन उमगेल. वज्रयान तिबेटकडचं : मंत्र, मंडल, गुरूची दीक्षा. गुरूशिवाय त्याच्या वाटेला जाऊ नये, यूट्यूबवरून तर नाहीच.

खरा पेच विपश्यना आणि नवयान, म्हणजे बाबासाहेबांनी मांडलेला बौद्ध मार्ग, यांत आहे. विपश्यना शिकवणाऱ्या गोएंका गुरुजींची परंपरा म्यानमारची. इगतपुरीसारख्या केंद्रावर दहा दिवसांचं शिबिर, जवळपास सगळं मौनात, पहाटे चारला घंटा, फोन जमा, फी नाही. शरीरावरच्या संवेदना पाहायच्या, प्रतिक्रिया द्यायची नाही. धर्म कुणी विचारत नाही.

१४ ऑक्टोबर १९५६ ला नागपुरात बाबासाहेबांना दीक्षा दिली ती थेरवादी भिक्खू चंद्रमणी यांनीच. पण धम्माची मांडणी बाबासाहेबांची स्वतःची. चार आर्यसत्यं (दुःख आहे, ते तृष्णेतून येतं, ते संपतं, संपवायचा मार्ग आहे) मुळातली की भिक्खूंनी मागाहून घातलेली, असा थेट प्रश्न त्यांनी केला. साताऱ्यात शिकणारं पोर, म्हणजे लहानपणीचे बाबासाहेबच, वर्गाच्या कोपऱ्यात, घरून आणलेल्या गोणपाटावर बसतं. हे दुःख त्याच्या कुठल्या तृष्णेतून आलं? गेल्या जन्माचं कर्म म्हणून ते खपवायला त्यांचा ठाम नकार होता. शिबिरातल्या प्रवचनांत मात्र पूर्वजन्मीचे संस्कार येतात, तिथे आपल्यातले बरेच जण अडखळतात. मीही अडखळलो. साधना तरीही कामाला आली. राग येताना आधी श्वास बदलतो, हे तिथेच कळलं.

म्हणून माझ्या लेखी हे एकाला सोडून दुसरं धरण्याचं प्रकरणच नाही. दीक्षेच्या वेळी बाबासाहेबांनी दिलेल्या बावीस प्रतिज्ञा हे घर. विपश्यना किंवा झेन ही रोजची तालीम. घरची ओळख नसताना थेट शिबिराला गेलेली पोरं परत येऊन विहारातल्यांनाच शहाणपण शिकवतात, ते मला खटकतं. उलट, वर्षानुवर्षं वंदना म्हणून दहा मिनिटं शांत बसता न येणारेही कमी नाहीत.

भाच्याला सांगितलं, रजा दिवाळीनंतर टाक. तोवर वर्षावासात, म्हणजे पावसाळ्याच्या तीन महिन्यांत, विहारात बाबासाहेबांच्या 'बुद्ध आणि त्यांचा धम्म'चं वाचन असतं, रोज रात्री. शनिवारची पाळी त्याने घेतलीय.