जुन्या एक्सटीला काय लावावं: अस्सल फ्लॉपी ड्राइव्ह की गोटेक?

माळ्यावरून एक्सटी, म्हणजे आयबीएमचा जुना पीसी एक्सटी, खाली काढला, पडद्यावर अक्षरं आली, पण ए ड्राइव्ह नुसताच खरखरतो. लॅमिंग्टन रोड किंवा चोर बाजार गाठण्याआधी एवढं ठरवा: मशीन चालवायचंय, की फ्लॉपीतलं वाचवायचंय?

नुसतं मशीन चालवायचं तर गोटेक घ्या. साडेतीन इंची ड्राइव्हएवढं हे खोकं, ३४ तारांच्या फ्लॉपी केबलला लागतं आणि पेनड्राइव्हवरची इमेज, म्हणजे फ्लॉपीची हुबेहूब नक्कल असलेली फाइल, मशीनला फ्लॉपी म्हणून दाखवतं. त्यात फ्लॅशफ्लॉपी फर्मवेअर (गोटेकला आतून चालवणारं सॉफ्टवेअर) टाका आणि ३६० केबीची इमेज द्या. एक्सटीचा मूळ कंट्रोलर (फ्लॉपी ड्राइव्ह हाकणारं कार्ड) सेकंदाला २५० किलोबिटचा, १.४४ एमबी त्याला झेपत नाही. जुन्या केबलला एज कनेक्टर (ड्राइव्हच्या पट्टीच्या कडेवर बसणारा) असतो, गोटेकला पिना, म्हणून केबल बदलावी लागते. तारांना पीळ आहे त्याच्या पलीकडचं टोक ए ड्राइव्हचं.

अस्सल ड्राइव्हची खरी गोम सव्वापाच इंचीत आहे. ३६० केबीचा ४० ट्रॅकचा, १.२ एमबीचा ८० ट्रॅकचा; ट्रॅक म्हणजे तबकडीवरच्या गोल रेघा. बाहेरून दोघे जुळे भाऊ. १.२ वाला ३६० ची फ्लॉपी नीट वाचतो. पण त्याचं हेड, म्हणजे वाचण्या-लिहिण्याचा भाग, अरुंद. एक्सटीवर आधी लिहिलेल्या फ्लॉपीवर त्याने लिहिलं की नवी रेघ बारीक उमटते, जुन्या रुंद रेघेचे काठ तसेच राहतात, आणि एक्सटीच्या रुंद हेडखाली दोन्ही एकदम येतात. मामांच्या छापखान्याच्या हिशेबाची फ्लॉपी मी अशीच घालवली. अजून चुटपुट लागते. म्हणून कुठलीही जुनी सव्वापाच इंची फ्लॉपी घालण्याआधी कडेच्या खाचेवर अपारदर्शक चिकटपट्टी लावा, म्हणजे तिच्यावर लिहिलंच जाणार नाही.

त्यात मुंबईचा पावसाळा. फ्लॉपी पाकिटातून काढून उजेडात धरा, मधलं भोक हळूच फिरवत लांबट फटीतून तबकडी बघा. पांढुरके ठिपके दिसले तर ती बुरशी. अशी फ्लॉपी तशीच फिरवली तर लेप खरवडला जातो, हेड माखतं, आणि पुढची चांगली फ्लॉपीही जाते. आधी आयसोप्रोपिल अल्कोहोलने हलक्या हाताने पुसा.

यूएसबी फ्लॉपी ड्राइव्ह इथे कामाचा नाही. एक्सटीला यूएसबी नाही, आणि त्या ड्राइव्हमध्ये सव्वापाच इंची फ्लॉपी जात नाही.

जुन्या फ्लॉपीतलं हवं असेल, तर माझ्या मते पैसे चालू स्थितीतल्या १.२ एमबी ड्राइव्हवर घाला. तो ग्रीसवीझल बोर्डाने आजच्या कॉम्प्युटरला जोडा, १२ व्होल्टचा पुरवठा वेगळा द्या, आणि प्रत्येक फ्लॉपीची इमेज काढून ठेवा. त्याच इमेज पुढे गोटेकमधून एक्सटीवर उघडता येतात.