फ्लिंट लावू की कसिनो रोयाल?

रविवारी दादरला बाबांकडे जेवणं उरकली की जुना सिनेमा लावायचा, हा आमचा शिरस्ता. या वेळी हेरपटांची टिंगल करणारे दोन लागोपाठ पाहिले: 'अवर मॅन फ्लिंट' (१९६६) आणि 'कसिनो रोयाल' (१९६७).

फ्लिंट आजही पळतो. फ्लिंट हा हेर झालेल्या जेम्स कोबर्नचा तो लायटर! त्याचे ८२ उपयोग, आणि सिगार पेटवायचा असेल तर ८३. कॉलेजातली भाची मोबाइल बाजूला ठेवून खो खो हसली. पण खलनायकांच्या बेटावर मेंदूचा ताबा घेऊन पुरुषांच्या दिमतीला ठेवलेल्या बायका दिसल्या आणि तिचा चेहरा उतरला.

"अगं, टिंगलच आहे ती," बाबा म्हणाले.

"कुणाची, आजोबा?"

बाबा बडीशेप चघळत बसले.

'कसिनो रोयाल'ला दिग्दर्शक पाच, आणि ते जाणवतं. डेव्हिड निव्हन, पीटर सेलर्स, ऑर्सन वेल्स असे नट हाताशी असून कथेची पार भेळ झालीय. भाची मध्येच झोपली. बर्ट बॅकरॅकचं संगीत मात्र झकास. बाबा दुसऱ्या दिवशीही शिट्टीवर तीच धून वाजवत होते.

घरात चार माणसं जमली असतील तर फ्लिंटच लावा. दुसरा भांडी घासताना नुसता ऐकायला बरा.