प्रिन्स्टन रिव्हर्बच्या धर्तीचा ट्यूब अँप आणि त्यातला बायस पॉट: काही महिन्यांच्या वापरानंतर

फेंडरच्या १९६४ च्या एए११६४ सर्किटवरून मी प्रिन्स्टन रिव्हर्ब हा गिटारचा ट्यूब अँप बांधला, तेव्हा मूळ आराखड्यात एकच बदल केला: पॉवर ट्यूबचा बायस, म्हणजे काही वाजत नसताना ती किती करंट ओढेल हे ठरवणारं निगेटिव्ह व्होल्टेज, कमीजास्त करता यावा म्हणून एक पॉट (फिरवून बदलता येणारा रेझिस्टर) टाकला. बाकी ६व्ही६ या पॉवर ट्यूबची जोडी, एसीचं डीसी करणारी जीझेड३४ रेक्टिफायर ट्यूब, दहा इंची स्पीकर, सगळं जसंच्या तसं. अँप जवळपास रोज वाजतो. आता खात्रीने सांगतो, हा पॉट नसता तर मी या अँपवर इतका खूश नसतो.

मूळ सर्किटमध्ये बायसच्या निगेटिव्ह सप्लायपासून ग्राउंडला २२ के (२२ हजार ओहम) चा एक रेझिस्टर आहे. जी ट्यूब लावाल तिने त्याच्याशी जुळवून घ्यायचं. आजच्या ६व्ही६ मात्र एकसारख्या निघत नाहीत. माझ्याकडच्या दोन जोड्या याच रेझिस्टरवर तपासल्या. एक जोडी प्रत्येक ट्यूबमागे २९ मिलिअँपियर ओढत होती, दुसरी जेमतेम १६. ६व्ही६ च्या प्लेटची, म्हणजे ट्यूबमधल्या ज्या पत्र्यावर करंट येऊन तो तापतो त्याची, जुनी मर्यादा १२ वॅट. चारशेच्या आसपास व्होल्ट धरले तर पहिली जोडी अकरा वॅटवर, म्हणजे मर्यादेला टेकलेली. दुसरी इतकी थंड की हलक्या हाताने वाजवलं तरी स्वर कोरडा आणि खरखरीत. आता मी प्लेट करंट २१ मिलिअँपियरच्या आसपास ठेवतो, म्हणजे मर्यादेच्या सुमारे सत्तर टक्के.

जुन्या आराखड्यात असा पॉट टाकला की ‘मूळपण जातं’, हा आक्षेप मला पटत नाही. त्याच काळातल्या डीलक्स रिव्हर्बमध्येही ६व्ही६ चीच जोडी आहे, आणि तिथे बायसचा पॉट खुद्द फेंडरनेच दिला होता. शिवाय गिटारचा सिग्नल या पॉटमधून जातच नाही.

जोडणी सोपी आहे. २२ के काढून तिथे १५ के चा रेझिस्टर आणि त्याच्याशी सिरीजमध्ये २५ के चा पॉट. १५ के कधीही गाळू नका. तो नसेल तर पॉट शून्यावर येताच बायस नाहीसा होतो आणि ट्यूबच्या प्लेट लाल होतात. पॉट ग्राउंडच्या बाजूला असल्याचा मोठा फायदा म्हणजे त्याचा मधला संपर्क तुटला तर बायस आणखी निगेटिव्ह होतो, ट्यूब थंड पडतात, जळत नाहीत. बायस सप्लायचा फिल्टर कपॅसिटर मूळचा ५० व्होल्टचा असतो. पॉट वर नेल्यावर तो अपुरा पडू शकतो म्हणून मी १०० व्होल्टचा लावला. या सप्लायमध्ये कपॅसिटरचं पॉझिटिव्ह टोक ग्राउंडला जातं, हे पुन्हा पुन्हा तपासा.

करंट मोजता यावा म्हणून प्रत्येक ट्यूबच्या कॅथोडला (प्लेटच्या विरुद्ध टोकाला) एक ओहमचा, एक टक्का टॉलरन्सचा रेझिस्टर घातला आहे. त्यावर एक मिलिव्होल्ट म्हणजे एक मिलिअँपियर. या आकड्यात प्लेटशिवाय स्क्रीनचा (ट्यूबमधल्या एका जाळीचा) करंटही येतो, म्हणून साधारण पाच टक्के वजा करायचे. मोजण्याच्या पिना मागच्या बाजूला बाहेर काढल्यात, त्यामुळे करंट बघायला चारशे व्होल्टच्या चासीत हात घालावा लागत नाही. पॉट मात्र आतच आहे आणि तिथेच असावा. पाहुण्यांनी टोनचा नॉब समजून फिरवावा अशी ही गोष्ट नाही.

खरी मजा ट्रेमोलोत, म्हणजे आवाज लयीत कमीजास्त करणाऱ्या इफेक्टमध्ये आहे. प्रिन्स्टनचा ट्रेमोलो पॉवर ट्यूबचा बायसच वरखाली हलवतो. बायस थोडा थंड केला की ट्यूब कटऑफच्या (करंट थांबण्याच्या) जवळ जातात आणि तोच झोका त्यांना जवळजवळ बंद करतो, ठोका खोल जातो. गरम ठेवला तर लाट उथळ आणि मऊ. मी दोन्ही टोकांना अनेक संध्याकाळी वाजवून पाहिलं आणि सत्तर टक्क्यांच्या किंचित खाली स्थिरावलो. तिथे ट्रेमोलो खोल आहे आणि कॉर्डचा भरीवपणाही टिकतो. २२ के च्या ठरीव रेझिस्टरवर ही जागा मला सापडलीच नसती. बायस मोजताना ट्रेमोलोची इंटेन्सिटी शून्यावर हवी, नाहीतर मीटरचे आकडे हलत राहतात.

नवी जोडी पहिल्या काही आठवड्यांत थोडी सरकली, एकदा जुळवून घेतली, नंतर स्थिर. आमच्याकडे मेन्स संध्याकाळी २२० च्या खाली आणि रात्री उशिरा २४० च्या वर जातो. बायसही त्याच ट्रान्सफॉर्मरवरून येतो, त्यामुळे प्लेटबरोबर तोही वरखाली होतो आणि करंट भलतीकडे जात नाही. पावसाळ्याची मला धास्ती होती, कारण जुन्या फेंडरमधला फायबरचा बोर्ड ओल धरतो आणि बायस सरकू लागतो. मी ग्लास इपॉक्सीचा बोर्ड वापरला. पूर्ण पावसाळ्यात आकडा जागचा हलला नाही.

एक मर्यादा आहेच: एका पॉटवर दोन्ही ट्यूब. जोडी मॅच, म्हणजे सारखा करंट ओढणारी नसेल तर पॉट ती सुधारत नाही, एक गरम आणि एक थंड राहतेच, गुणगुणही वाढते. मॅच केलेल्या जोडीला दोन पैसे जास्त द्या.

फेंडरचाच ट्वीड डीलक्स ५ई३ बांधणाऱ्यांनी या भानगडीत पडू नये. तो कॅथोड बायसवर चालतो, ट्यूब आपला करंट बऱ्याच अंशी आपणच सांभाळते. पण फेंडरचा ५एफ६-ए बेसमन बांधत असाल तर तिथे ग्राउंडला जाणारा ५६ के चा रेझिस्टर असाच ठरीव आहे. त्याच्या जागी रेझिस्टर आणि पॉट आधीच सोल्डर करून टाका. चासी एकदा बंद झाल्यावर तिथे पुन्हा हात घालणं त्रासाचं आहे.